खाच सोळाची, लेन चारच

मदरबोर्ड हातात घेतला की ग्राफिक्स कार्डाच्या दोन लांब खाचा लगेच नजरेत भरतात. लांबीला दोन्ही सारख्याच. दोन कार्डं लावायची आहेत, खाचा दोन आहेत, मग झालं की काम! याच समजुतीवर पैसे मोजून नंतर हळहळणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि मला मनापासून वाटतं की ही चूक टाळणं पाच मिनिटांचं काम आहे.

मोबाइलचा टॉर्च लावा आणि खाचेत वाकून बघा. वरच्या खाचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी पिना दिसतील, एका बाजूला ८२. खालच्या खाचेत बऱ्याच बोर्डांवर ३२ पिनांनंतर ओळ तुटते आणि पुढे नुसतं काळं प्लास्टिक उरतं. म्हणजे खाच सोळा लेनची, पण जोडणी चारच लेनची. काही बोर्डांवर पिना पूर्ण असतात पण मागे तारा नसतात, म्हणून शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

लेन म्हणजे काय? या खाचांच्या जोडणीला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि तिच्या एका लेनमध्ये चार तारा असतात: दोन माहिती पाठवायला, दोन घ्यायला. तिसऱ्या पिढीत एक लेन एका दिशेने सेकंदाला जवळजवळ १ गिगाबाइट नेते, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट, पाचव्यात चौपट. त्यामुळे चौथ्या पिढीच्या आठ लेन आणि तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन वाहतुकीला सारख्याच.

खरी अडचण प्रोसेसरपाशी आहे. घरगुती प्रोसेसर ग्राफिक्ससाठी साधारण सोळाच लेन देतो. दोन कार्डं लावायची तर त्या आठ-आठ वाटाव्या लागतात, आणि ही वाटणी करणाऱ्या स्विचच्या चिप बोर्डावर बसवाव्या लागतात. त्यांचा खर्च वाढतो, म्हणून स्वस्त बोर्डावर त्या नसतात. तिथे दुसरी खाच चिपसेटला, म्हणजे बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपला, जोडलेली असते, आणि चिपसेटकडून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता एसएसडी, यूएसबी, नेटवर्क या सगळ्यांचा सामाईक असतो. इंटेलच्या बी७६० चिपसेटमध्ये या सोळा लेनची आठ-आठ वाटणी होतच नाही. झेड७९० मध्ये होऊ शकते, पण बोर्ड बनवणाऱ्याने ती दिली असेल तरच. एएमडीच्या बाजूला असूसचा प्रोआर्ट एक्स६७०ई क्रिएटर अशी वाटणी देतो. आणखी एक खोच: काही बोर्डांवर विशिष्ट एम डॉट टू जागेत (एसएसडी आडवी बसवायची छोटी खाच) एसएसडी बसवली की शेजारच्या खाचेच्या लेन कमी होतात किंवा ती खाच बंदच पडते. हे मॅन्युअलमधल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेवढी ओळ वाचल्याशिवाय बोर्ड घेऊ नका.

आता मुळातला प्रश्न. खेळासाठी दोन कार्डं घ्यावीत का?

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या दोन व्हूडू २ कार्डांनी पडद्याच्या ओळी वाटून घेतल्या होत्या, सम ओळी एकाकडे आणि विषम दुसऱ्याकडे. एकटं कार्ड ८०० बाय ६०० वर थांबायचं, जोडी १०२४ बाय ७६८ पर्यंत जायची. या जोडीला एसएलआय म्हणत. २००४ मध्ये एनव्हिडियाने हेच नाव नव्या अर्थाने आणलं, पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणलं. एव्हाना पद्धत बदलली होती. एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र, हे कार्ड रंगवणार, पुढची ते. दोघांनाही सगळं चित्रसाहित्य आपापल्या मेमरीत ठेवावं लागे, म्हणून ८ अधिक ८ गिगाबाइट असूनही खेळाला मिळायचे ८ च. शिवाय सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगात दर १६.७ मिलिसेकंदाला फ्रेम यायला हवी. ती ८, २५, ८, २५ अशी आली तर सरासरी जवळपास तीच भरते, पण डोळ्याला धक्के जाणवतात.

या पद्धतीच्या मुळावर घाव घातला तो नव्या खेळांच्या चित्रतंत्राने. कडा गुळगुळीत करायला आजचे खेळ मागच्या फ्रेमचा आधार घेतात, आणि मागची फ्रेम तर दुसऱ्या कार्डावर! ती इकडे आणण्यात वाचवलेला वेळ जाऊ लागला. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयचे नवे प्रोफाइल, म्हणजे एकेक खेळ दोन कार्डांवर चालवायच्या तयार सेटिंग, देणं थांबवलं, आणि आरटीएक्स ४०९० वर जोडणीचा कनेक्टरच नाही. म्हणून निव्वळ जास्त फ्रेम हव्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे: तेच पैसे एका मोठ्या कार्डात घाला.

पण जुनं कार्ड कपाटात पडून असेल तर त्याला एक नवं काम मिळालं आहे. खेळ मुख्य कार्ड रंगवतं आणि लॉसलेस स्केलिंगसारखं सॉफ्टवेअर दोन फ्रेमच्या मध्ये घालायच्या जादा फ्रेम दुसऱ्या कार्डाकडून बनवून घेतं. मॉनिटर दुसऱ्या कार्डाला जोडायचा. इथे लेन पुन्हा मोलाच्या ठरतात. हिशोब करून बघा: फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके, ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला ३३ मेगाबाइट. सेकंदाला ६० फ्रेम इकडून तिकडे न्यायच्या तर २ गिगाबाइट. चिपसेटमागच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनची जवळजवळ निम्मी क्षमता त्यातच गेली, तीही सामाईक रस्त्यावर. आठ-आठ वाटणीच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर हाच भार आठव्या हिश्श्याचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्यांना, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र बनवणाऱ्यांना, मात्र इतकी काळजी नको, कारण तिथे दृश्य एकदा मेमरीत भरलं की कार्ड बराच वेळ आपल्यापुरतं राबतं.

जागाही मोजा. दोन खाचांच्या जागांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं आणि आजची मोठी कार्डं अशा तीन-तीन जागा अडवतात. खालची खाच वरच्या खाचेपासून किमान चार जागा खाली हवी, नाहीतर वरच्या कार्डाच्या पंख्यांना हवाच मिळत नाही. खाचेतून फक्त ७५ वॉट वीज मिळते, बाकीची पॉवर सप्लायमधून येते. तेव्हा तोही दोघांना पुरणारा घ्या.

सगळं जोडून झालं की कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा आणि ‘बस इंटरफेस’ची ओळ पाहा. संगणक निवांत असताना तिथे १.१ अशी जुनी पिढी दिसली तर घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून भार द्या आणि मग दोन्ही कार्डांचा आकडा वाचा. दुसऱ्यापुढे आठ आले तर बोर्ड बरोबर निवडला. चार आले तर मॅन्युअल काढा आणि कोणती एसएसडी कुठे बसली आहे ते आधी तपासा.