हरणाऱ्या संघात खापर कुणाच्या डोक्यावर?

14 डिसेंबर 2015. इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यात लीस्टर सिटीने चेल्सीला 2-1 असं हरवलं आणि सामना संपल्यावर चेल्सीचे मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, जोसे मोरिन्हो कॅमेऱ्यापुढे आले. लीस्टरचे बहुतेक गोल कोणत्या चार चालींतून होतात हे आपण हेरलं होतं, त्यावर संघाकडून सराव करून घेतला होता, आणि तरीही दोन गोल त्याच चारांपैकी दोन चालींवर झाले, असं त्यांनी सांगितलं. माझ्या कामाशी दगाफटका झाल्यासारखं वाटतंय, हेही बोलून गेले. तीन दिवसांनी त्यांची गच्छंती झाली.

हा काही ऐरागैरा संघ नव्हता. सातच महिन्यांपूर्वी याच चेल्सीने याच मॅनेजरच्या हाताखाली इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली होती: 38 सामने, 87 गुण आणि अवघे 3 पराभव. मोरिन्हो गेले तेव्हा 16 सामन्यांत 9 पराभव झाले होते. गुण 15, वीस संघांत सोळावा नंबर, आणि खालच्या लीगमध्ये ढकलणाऱ्या तळाच्या तीन जागा फक्त एका गुणावर. खेळाडू जवळपास तेच, मॅनेजर तोच, त्याचा स्वभावही तोच. मग बिघडलं काय?

उत्तरं ज्याने त्याने आपल्या सोयीने दिली. मॅनेजरने बोट खेळाडूंकडे दाखवलं. क्लबने मॅनेजर आणि खेळाडूंमधला बेबनाव पुढे केला. प्रेक्षकांनी पुढच्याच सामन्यात, संडरलँडविरुद्ध, आपल्याच सेस्क फॅब्रेगस आणि डिएगो कोस्टाची हुर्यो उडवली. (तो सामना चेल्सीने 3-1 असा आरामात जिंकला, म्हणजे खेळाडू आधी मन लावून खेळत नव्हते या संशयाला आणखीच खतपाणी.) मानसशास्त्राला यात नवल वाटणार नाही. रिचर्ड लाऊ आणि डॅन रसेल या दोघांनी 1980 मध्ये वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवरची खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची वक्तव्यं तपासली होती. जिंकलं की कारण आपल्यात सापडतं, हरलं की बाहेरची कारणं वाढतात. नाचता येईना, अंगण वाकडं.

पण मोरिन्हो गेल्यावर संघ सुधारला, त्याचं काय? उरलेल्या 22 सामन्यांत चेल्सीने 35 गुण मिळवले. गस हिडिंक हंगामी मॅनेजर म्हणून आले आणि लीगमध्ये थेट एप्रिलपर्यंत हरले नाहीत. शांत, वडीलधारा माणूस आला आणि गाडी रुळावर आली, अशी गोष्ट सांगायला छान आहे. मला ती पुरती पटत नाही. 87 गुणांची कुवत असलेला संघ सामन्यामागे एका गुणापेक्षाही कमी कमावत असेल, तर त्यात खराब खेळाबरोबर खराब नशिबाचाही वाटा असतो, आणि नशीब कायम खराब राहत नाही. याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधले 1986 ते 2004 या काळातले मॅनेजरबदल तपासले. हकालपट्टीनंतर संघ सावरतात, हे खरंच निघालं. मात्र तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, तेही सावरले होते.

आरडाओरड्यावरचा विश्वास याच चकव्यातून येतो. डॅनिएल कानमन या मानसशास्त्रज्ञाला इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की कौतुक केलं की पोरं पुढच्या वेळी बिघडवतात आणि झापलं की सुधारतात. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. अतिशय वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा त्याहून बरंच असतं, कुणी ओरडो वा न ओरडो. हरणाऱ्या संघाचा कोच नेमका वाईट खेळानंतरच ओरडतो, आणि पुढचा सामना जरा बरा गेला की श्रेय घशाला जातं.

म्हणून कोचने राग गिळावा का? तसंही नाही. बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळा-कॉलेजांच्या 23 बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली 304 भाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कोच थोडा कडवट बोलला तर दुसऱ्या सत्रात संघ बरा खेळत होता. कडवटपणा टोकाला गेला की मात्र खेळ ढासळत होता. बोलणी खाणं आणि अपमान गिळणं यांत फरक आहे, एवढं बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांनाही कळतं.

आता खेळाडूंची बाजू. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन याने माणसांना दोर ओढायला लावून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं की माणसं वाढली की दर माणसामागचा जोर घटतो. पुढे अमेरिकेत जलतरणपटूंवर प्रयोग झाला. प्रत्येकाची वेळ जाहीर होणार नसेल, तर रिलेमध्ये पोहणारे एकट्याने पोहण्यापेक्षा हळू पोहले. वेळ जाहीर होणार म्हटल्यावर तेच रिलेमध्ये जास्त वेगाने पोहले. थोडक्यात, कुणाचं काम कुठलं हे दिसलं पाहिजे.

पोहण्यात हे सोपं आहे, फुटबॉलमध्ये महाकठीण. कोण किती धावला हे आज कॅमेरे आणि अंगावरचे जीपीएस पट्टे मीटरमध्ये सांगतात. पण लीस्टरच्या त्या पहिल्या गोलाचं पाहा: रियाद महरेझने उजवीकडून क्रॉस टाकला (कडेवरून गोलसमोर चेंडू मारला) आणि जेमी वार्डी बचावफळीच्या मधोमध मोकळा सापडला. क्रॉस अडवायचा होता कुणी, वार्डीला धरायचं होतं कुणी? दोन फिल्डरांच्या मधे झेल उडतो आणि दोघेही ‘तुझा, तुझा’ म्हणत थांबतात, तशातली गत. सराव झालेला असतो, तरी त्या क्षणी जबाबदारीला नाव नसतं. हे नाव सोमवारी व्हिडिओ बघताना ठरतं, तेही कुणी ‘माणूस माझा होता’ असं म्हटलं तरच.

आणि तसं म्हणण्याची किंमत काय, हे संघाने हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पाहिलं होतं. 8 ऑगस्टला स्वान्सीविरुद्ध 2-2 अशी बरोबरी होती, थिबो कोर्त्वाला रेड कार्ड मिळाल्याने चेल्सीचे दहाच जण मैदानात होते. शेवटच्या मिनिटांत एडन हॅझार्ड पडला. रेफ्रीने बोलावल्यावर डॉक्टर एव्हा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. नियमाप्रमाणे उपचारानंतर हॅझार्डला काही काळ बाहेर जावं लागलं, म्हणजे उरले नऊ. मोरिन्होंनी सामन्यानंतर जाहीरपणे त्यांना खेळ न समजणारे ठरवलं. कार्नेरो यांनी क्लब सोडला. प्रकरण लवादापुढे गेलं आणि 2016 मध्ये क्लबने त्यांची माफी मागून ते मिटवलं. ज्यांनी आपलं काम चोख केलं त्यांची ही गत, तर चूक करणारा कशाला तोंड उघडेल?

एमी एडमंडसन या संशोधक. त्यांना रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत 1990 च्या दशकात एक उलटी गोष्ट आढळली होती. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. तिथे माणसं चूक सांगायला कचरत नव्हती, हे त्यांचं स्पष्टीकरण. जिंकणाऱ्या चेल्सीत लपलेल्या चुकांचं बिल कुणी मागत नव्हतं, हा माझा तर्क.

मऊ बोललं की संघ सुधारतो, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. 2016 मध्ये चेल्सीत आलेले मॅनेजर अँटोनियो कॉन्टे मैदानाच्या कडेला उभे राहून मोरिन्होंपेक्षा जास्त ओरडतात. सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून 3-0 मार खाल्ल्यावर त्यांनी बचावात तिघांची रचना पक्की केली, त्यात कुणी कुठली जागा सांभाळायची हे घोटून घेतलं, आणि लीगचे सलग 13 सामने जिंकले. शेवटी 93 गुण आणि विजेतेपद. हॅझार्ड पुन्हा बहरला. मोरिन्होंच्या जाण्याबद्दल आपल्याला थोडं अपराधी वाटलं, आपण त्यांना तसा मेसेजही केला, हे त्याने नंतर सांगितलं.

हेच कॉन्टे मार्च 2023 मध्ये टॉटनहॅमचे मॅनेजर होते. साउदॅम्प्टनविरुद्ध 3-1 अशी आघाडी गमावून 3-3 झाल्यावर पत्रकारांपुढे त्यांनी स्वतःच्या खेळाडूंना स्वार्थी म्हटलं. आठ दिवसांनी तेही गेले. एप्रिलमध्ये न्यूकॅसलने टॉटनहॅमवर पहिल्या 21 मिनिटांत पाच गोल चढवले. तेव्हा खेळाडूंनी जबाबदारी घेतली, तीही रोख: न्यूकॅसलपर्यंत गेलेल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे त्यांनी स्वतः परत करायचं ठरवलं. त्याच आठवड्याच्या शेवटी लिव्हरपूलविरुद्ध पंधराव्या मिनिटाला ते 3-0 ने मागे होते.