काही होत नसताना रक्त कशाला तपासायचं?

आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. मुलगा किंवा सून हट्टानं घेऊन आलेली असते आणि काका कुरकुरत असतात, "मला काय धाड भरलीय?" काका, तपासणीची वेळ तीच. वाढलेलं बीपी दुखत नाही, वाढलेली साखर टोचत नाही. जखम भरेना, पायाला मुंग्या येऊ लागल्या म्हणून माणूस येतो, तेव्हा साखर बऱ्याचदा कित्येक वर्षं मुरलेली असते.

म्हणून शंभर तपासण्यांचं 'फुल बॉडी' पॅकेज घ्या, असं मात्र आम्ही सांगणार नाही. (धंद्याचं नुकसान आहे, पण असो.) रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा अशी आखलेली असते, की धडधाकट माणसांपैकीही शंभरात पाचेक जण तिच्याबाहेर पडतात. शंभर आकडे काढले की दोन-चार ठळक अक्षरांत छापून येणारच. मग सोनोग्राफी, धावपळ आणि रात्रीची झोप गेली. मोजक्या तपासण्या त्या-त्या वयात केलेल्या बऱ्या.

कोणत्या वयात काय

बाळ ४८ तासांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईड तपासतात. जन्मजात कमतरता लगेच कळली तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर भागतं. राहून गेली तर बुद्धीची वाढ खुंटते. बाळंतीण लवकर घरी गेली की नेमकी हीच तपासणी राहते.

लग्न ठरवताना पत्रिका पाहा हवं तर, पण सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांसाठी दोघांचं रक्तही तपासा. विदर्भ, नंदुरबारकडच्या कुटुंबांनी तर नक्कीच. दोघंही सिकलसेलचे वाहक (स्वतःला आजार नाही, पण तो बाळाकडे जाऊ शकतो असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यातलं काहीच नसेल, तर बाळाला तो आजार होत नाही.

तिशीनंतर बीपी आणि साखर. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर उत्तम. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. इथून चालणं-जेवण सांभाळून परत फिरता येतं. १२६ किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच मधुमेह म्हणायचं. तंबाखू, मिश्री, गुटखा असेल तर तोंडही दाखवा. कॅन्सरची आधीची खूण असू शकणारा पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणूनच तो राहून जातो.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा त्यात हात होता. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटात फक्त एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आपल्याच मातीतल्या, ऊसतोड नि शेतमजुरी करणाऱ्या बायका या. तरीही "वहिनी, तुमची झाली का?" म्हटलं की नजर खाली जाते. हा नमुना आम्ही घेत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडेच जावं लागतं. तिशीनंतर बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याची योजना आहे. आधी तिथे विचारा.

येताना

उपाशीपोटी म्हणजे आठ ते दहा तास काही न खाता. पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही! तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी (एचबीए१सी) उपाशी राहायची गरज नाही. मात्र रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर आधी सांगा, तो आकडा फसवतो.

आणि जुने रिपोर्ट आणा. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) १.२ नॉर्मल दिसेल, पण दोन वर्षांपूर्वी ते ०.८ होतं हे समजलं तर डॉक्टर वेगळा विचार करतील. आमच्याकडे केलेला रिपोर्ट हरवला असेल तर पुन्हा छापून देतो. त्याचे पैसे घेत नाही.