इनर लाइन परमिट आणि परकेपणाची वागणूक: गल्लत कुठे होते?

ईशान्य भारतातल्या मुलामुलींना दिल्ली-पुण्यासारख्या शहरांत मिळणाऱ्या वागणुकीचा विषय निघाला की, ‘आम्हालाही तिकडे जायला परवाना काढावा लागतो, मग आम्ही तिथे परके नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत टाकल्या जातात आणि खऱ्या तक्रारीची धार बोथट होते.

हा परवाना म्हणजे इनर लाइन परमिट; ईशान्येतल्या काही राज्यांत जाणाऱ्या बाहेरच्या भारतीय नागरिकांना तो लागतो. त्याचे मूळ 1873 च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमध्ये आहे. ब्रिटिशांनी चहा, रबर आणि हत्ती यांच्या व्यापारातले आपले हितसंबंध सांभाळण्यासाठी ‘इनर लाइन’ ही रेषा आखली. स्वातंत्र्यानंतर तीच व्यवस्था डोंगरी जमातींच्या जमिनी आणि जीवनपद्धती जपण्यासाठी चालू ठेवण्यात आली. आज ती अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर 2019 पासून मणिपूर येथे लागू आहे. ओळखपत्र व फोटो द्यायचा, शुल्क भरायचे आणि ठरावीक मुदतीचा परवाना घ्यायचा, असा तो व्यवहार आहे. अनुसूचित जमातींच्या हितासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्येच आहे. शिवाय हा परवाना पुणेकराला लागतो तसाच अरुणाचलात जाणाऱ्या गुवाहाटीकरालाही लागतो, हे या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही.

परकेपणाच्या वागणुकीला ना अर्ज असतो, ना मुदत. फोनवर ठरलेली खोली चेहरा पाहताच ‘कालच गेली’ होते, आणि मणिपूरचे नाव सांगितल्यावरही ‘ते ठीक, पण मूळची कुठली?’ असे विचारले जाते. 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सुरक्षाविषयक पुस्तिकेत अखुनी (आंबवलेले सोयाबीन) आणि बांबूचे कोंब यांसारखे उग्र वासाचे पदार्थ शेजारी गोंधळ न होऊ देता शिजवावेत, अशी सूचना होती. ज्यांना संरक्षण द्यायचे त्यांच्याच स्वयंपाकावर बोट ठेवले गेले, हे मला फार क्लेशकारक वाटते. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून डिवचण्यात आले, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हिणवणुकीसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र तरतूद करण्याची शिफारस केली.

दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध नाही, हे नकाशाच सांगतो. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि सिक्कीम या राज्यांत जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागत नाही, तरी तिथल्या तरुणांना महानगरांत तेच टोमणे ऐकावे लागतात. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवांमुळे बंगळुरू आणि पुणे सोडून गुवाहाटीच्या गाड्या पकडणाऱ्यांमध्ये आसामचे लोक मोठ्या संख्येने होते. उलट, ईशान्येतही पूर्वग्रह आहेत, हे मान्य केलेच पाहिजे: परवान्याची अट नसलेल्या शिलाँगमध्ये बाहेरच्यांना ‘डखार’ म्हणतात आणि 1979 मध्ये तिथल्या बंगाली रहिवाशांवर हल्ले झाले. परवाना पद्धतीमुळे मजूर आणि छोटे व्यापारी यांची अडचण होते, ही टीकाही रास्त आहे. मात्र त्याची दाद सरकारकडे किंवा न्यायालयात मागायची असते. पुण्यात भाड्याने खोली शोधणाऱ्या नागा मुलीने त्या धोरणाचा जाब देण्याचा प्रश्नच येत नाही.