जप्तीचं वॉरंट काढण्याआधी हे वाचा
(इचलकरंजी परिसरातील सूत व कापड व्यापाऱ्यांसाठी)

पैसे द्यावेत असा न्यायालयाचा हुकूमनामा झाला, वकिलांनी दरखास्त (तो अमलात आणण्याचा अर्ज) टाकली, न्यायालयाच्या नाझर विभागात बेलीफचा भत्ता भरला, तरी पैसे का येत नाहीत? जप्तीआधी देणेकऱ्याच्या मालाची आणि कागदांची तपासणी करून देणाऱ्या आमच्या कार्यालयात येणारा जवळजवळ प्रत्येक व्यापारी हेच विचारतो, आणि राग बेलीफवर काढतो. बेलीफ न्यायालयाचा कर्मचारी आहे. तो वॉरंटात लिहिलं आहे तेवढंच करतो. देणेकऱ्याचा माल कुठे आहे हे शोधणं त्याचं काम नाही. माल तुम्ही दाखवायचा, जप्ती त्याने करायची.

नेमकं इथेच घोडं अडतं. वॉरंटात "प्रतिवादीच्या कारखान्यातील माल" एवढंच मोघम वर्णन असतं. व्यापारी स्वतः जात नाही, दुकानातल्या मुलाला बेलीफसोबत पाठवतो. शेडवर गेल्यावर देणेकरी सांगतो, "शेड भावाची आहे, मागावरची बीमं (सूत गुंडाळलेले रूळ) सूत देणाऱ्या शेठची आहेत, मी नुसता खर्चीवर, म्हणजे मजुरीवर विणतो." मुलाला यातलं काहीच माहीत नसतं. बेलीफ घडलं ते अहवालात लिहितो आणि वॉरंट बजावणीविना परत जातं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा भत्ता, पुन्हा तारीख. तोवर देणेकरी सावध झालेला असतो आणि गोडाऊनमधले तयार तागे हललेले असतात.

देणेकरी खोटंच बोलतो असंही नाही. खर्चीवाल्याच्या शेडमधलं सूत आणि कापड खरोखरच दुसऱ्याचं असतं. ते जप्त केलं तर मूळ मालक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली हरकत घेतो, आणि आधी त्या हरकतीचा निकाल लागतो. मागांवर बँकेचं कर्ज असेल तर तो गुंता वेगळाच. अशा ठिकाणी आम्ही ग्राहकांना सांगतो की बीमांच्या मागे लागू नका. या माणसाचं जॉब बिल (विणण्याच्या मजुरीचं बिल) कुठल्या व्यापाऱ्याकडे थकलंय ते बघा. ते येणं जप्त करून त्या व्यापाऱ्याला नोटीस काढता येते का, हे वकिलांना विचारा. त्याची सोय नियम 46 आणि 46-अ मध्ये आहे.

देणेकऱ्याचं काय काय आहे याचा पत्ताच लागत नसेल, तर नियम 41 खाली अर्ज करा. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवस थकली की देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. आदेश मोडला तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. इतका उपयोगी अर्ज, पण फार थोडे ग्राहक तो करून आमच्याकडे आलेले असतात.

काही मागण्या मात्र कुणीच पुऱ्या करू शकत नाही. "रात्री नऊला बेलीफ न्या, तेव्हा तो घरी सापडतो," असं आम्हाला सांगितलं जातं. कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं यांना कलम 60 चं संरक्षण आहे. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भागही सुटतो. म्हणजे 31,000 पगार असेल तर जप्तीला 10,000 मिळतात. आणि हे सगळं योग्यच आहे, समोरच्यालाही घर चालवायचं असतं.

हुकूमनाम्याला 12 वर्षांची मुदत आहे म्हणून तो कपाटात ठेवू नका. 2 वर्षं उलटल्यावर दरखास्त टाकली तर सहसा आधी देणेकऱ्याला नोटीस जाते, आणि तुमची हालचाल त्याला कळते.

आम्ही वॉरंटाच्या अर्जाआधी आठ-दहा दिवस मागतो, त्यावर काही ग्राहक नाराज होतात. त्या दिवसांत आम्ही जागेवर जाऊन येतो. मिळकत पत्रिका किंवा सातबारा ताजा काढतो, इतर हक्कात कुणाचा बोजा आहे ते बघतो, चतुःसीमा जुळवतो. शेडच्या पाटीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून धंदा नक्की कुणाच्या नावावर आहे ते तपासतो. या कागदांवरून तुमचे वकील वॉरंटासाठी नेमकं वर्णन देऊ शकतात. जप्तीच्या दिवशी टेम्पो, हमाल आणि माल ओळखणारा आमचा माणूस हजर असतो. "तुमची बेलीफशी ओळख आहे का?" असं विचारू नका. ओळखीवर आम्ही काम करत नाही. भत्ता नाझरकडे भरून पावती घ्यावी, दुसऱ्या कुणाच्या हातात काही देऊ नये.

जप्ती टाळण्यासाठी देणेकऱ्याने थोडे पैसे थेट तुम्हाला दिले, तर ती रक्कम वकिलांमार्फत न्यायालयात नोंदवा. नोंद करायची राहून गेली की पुढे हिशेबावरून भांडणं होतात आणि दरखास्त रेंगाळते.

कार्यालयात येताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, दरखास्तीचा क्रमांक, देणेकऱ्याची जुनी बिलं आणि त्याने कधीकाळी दिलेला एखादा चेक आणा. चेक न वटलेला असला तरी चालेल. खातं कुठल्या बँकेत आहे ते त्यावरून कळतं, आणि कित्येकदा शेडवर जाण्याआधी ते खातं जप्त करून घेणं सोपं पडतं. पहिल्या बैठकीचे पैसे आम्ही घेत नाही.