सूत्रकृमींवर बुरशी: हाले ते सोलापूर

कृषी सेवा केंद्रात आता ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या शेजारी पॅसिलोमायसिस या दुसऱ्या बुरशीचे पाकीट सहज दिसते. डाळिंब, पेरू, पॉलिहाऊसमधली काकडी, जिथे मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे जमिनीतल्या सूक्ष्म धाग्यासारख्या कृमींच्या, गाठी येतात तिथे ते शेणखतात मिसळून किंवा ठिबकमधून सोडले जाते. सूत्रकृमींसाठी जमिनीत टाकल्या जाणाऱ्या फोरेट या विषारी रसायनावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आली, त्यामुळे हा नाइलाजाने शोधलेला पर्याय आहे असा अनेकांचा समज आहे. खरे तर बुरशीचा हा अभ्यास फोरेट-फ्युरॅडानसारख्या रसायनांच्या कितीतरी आधीचा आहे.

जर्मनीत एकोणिसाव्या शतकात साखरेच्या बीटाच्या जमिनी उतरत चालल्या होत्या. खत घालूनही पीक येईना. १८५९ मध्ये हेर्मान शाख्ट यांना बीटाच्या मुळांवर सूत्रकृमी सापडले. हाले येथील यूलिउस क्यून यांनी १८७७ मध्ये याच सूत्रकृमींच्या माद्या बुरशीने पोखरलेल्या पाहिल्या. पुढे १८८८ मध्ये, हालेतच, विल्हेल्म झोफ यांनी आर्थ्रोबॉट्रिस ही बुरशी जिवंत सूत्रकृमीला जाळ्यात अडकवून, त्याच्या अंगात शिरून त्याला संपवते हे दाखवले. १९३० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्यातील चार्ल्स ड्रेक्स्लर यांनी अशा शिकारी बुरशींच्या कितीतरी जाती वर्णिल्या. त्यांतल्या काही तीन पेशींचे कडे तयार करतात. सूत्रकृमी त्यात शिरला की सेकंदाच्या दहाव्या भागात पेशी फुगतात आणि फास आवळला जातो.

शेतात याचा उपयोग करण्याचा मोठा प्रयत्न हवाईच्या अननसाच्या मळ्यांत झाला. मॉरिस लिनफर्ड यांनी १९३७ च्या सुमारास अननसाचा हिरवा पाला बारीक करून जमिनीत गाडला. पाला कुजताना निरुपद्रवी सूत्रकृमी वाढले, त्यांच्यावर जगणारे शत्रू वाढले आणि मुळांवरच्या गाठी घटल्या. हा धागा तेव्हाच पुढे न्यायला हवा होता. पण १९४३ मध्ये हवाईतल्याच अननस संशोधनातून, वॉल्टर कार्टर यांच्या हातून, डी-डी हे जमिनीत सोडायचे, धुरीसारखे पसरणारे रसायन पुढे आले. ते स्वस्त होते आणि लगेच गुण देत होते. बुरशीचा विषय मागे पडला. अशाच दुसऱ्या रसायनाने, डीबीसीपीने, कारखान्यातल्या कामगारांना वंध्यत्व आल्याचे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात उघड झाले, तेव्हा कुठे जग पुन्हा या वाटेकडे वळले.

मधल्या काळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इंग्लंडमधली आहे, असे मला वाटते. तिथे एकाच शेतात वर्षानुवर्षे तृणधान्य घेऊनही त्यावरचे सूत्रकृमी वाढत नव्हते, उलट घटत होते. कारण शोधताना काही वाफ्यांत फॉर्मालिन हे जंतुनाशक ओतले, तर त्याच वाफ्यांत सूत्रकृमी वाढले! फॉर्मालिनने मारली होती ती त्यांची राखण करणारी बुरशी. रोथॅमस्टेड या तिथल्या कृषी संशोधन केंद्राच्या ब्रायन केरी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून हे उलगडले. माद्या मारणारी एक आणि अंडी खाणारी दुसरी, अशा दोन बुरशी त्या जमिनीत आपणहून काम करत होत्या.

अंड्यांवरचा हा हल्ला निर्णायक ठरला. फास टाकणाऱ्या बुरशीचे कौतुक फार झाले, पण बाहेरून आणून सोडल्यावर शेतात तिचा भरवसा कमी. पळणारी शिकार पकडण्यापेक्षा गाठीवर चिकट पुंजक्यात पडलेली शेकडो अंडी गाठणे सोपे. १९७९ मध्ये पेरू देशातील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात परवेझ जटाला आणि सहकाऱ्यांनी मूळगाठ सूत्रकृमींच्या अंड्यांवर पॅसिलोमायसिस लिलासिनसचा प्रभाव दाखवला. फिलिपिन्समध्ये रोमुलो डाविडे यांनी ती बुरशी शेतकऱ्यांपर्यंत नेली. त्यांना २०१२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०११ पासून या बुरशीचे शास्त्रीय नाव पर्प्युरिओसिलियम आहे, त्यामुळे पाकिटावर कोणतेही नाव असले तरी माल तोच.

आपल्याकडे मूळगाठ सूत्रकृमींची पहिली नोंद १९०१ ची, दक्षिण भारतातल्या चहाच्या मुळांवर बार्बर यांनी केलेली. बुरशी वापरण्याची इथली पद्धत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने घडवली: शेणखत किंवा निंबोळी पेंडीत बुरशी मिसळायची, ओल टिकवून सावलीत पंधरा दिवस वाढू द्यायची आणि मग जमिनीत घालायची. पाकीट नुसते पाण्यातून सोडण्यापेक्षा ही रीत मला जास्त पटते, कारण बुरशी शेतात उतरते तीच खाऊन-पिऊन, वाढलेली.

सोलापूर-सांगली-नाशिकच्या डाळिंब बागांत एक अडचण अजून उरते. सूत्रकृमींनी जखमी केलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी आत शिरते आणि मरसाठी प्रोपिकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकाची आळवणी होते, म्हणजे त्याचे द्रावण मुळाशी ओतले जाते. ती आळवणी उपयोगी बुरशीलाही सोडत नाही. म्हणून दोन्ही एकत्र कधीच देऊ नयेत. आळवणीनंतर पुरेसे दिवस जाऊ द्यावेत आणि उपयोगी बुरशी शेणखतासोबत पुन्हा घालावी.