रोममध्ये राहून प्राचीन रोमचा अभ्यास: इटलीतील पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

लॅटिन, ग्रीक आणि प्राचीन जगाचा इतिहास यांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यास इटलीतील विद्यापीठांत 'एलएम-१५' या राष्ट्रीय वर्गाखाली चालतो. या पदवीला तेथे 'लाउरेआ माजिस्त्राले' म्हणतात. ती दोन वर्षांची व १२० क्रेडिटांची असते आणि एका क्रेडिटमागे सुमारे २५ तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. १३०३ मध्ये स्थापन झालेल्या रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात हा अभ्यास करणाऱ्याला शिलालेख आणि नाणी पुस्तकातल्या चित्रांवरून नव्हे, तर समोर ठेवून वाचता येतात, आणि म्हणूनच पुढची खटपट करण्यासारखी आहे.

बारावीनंतरची तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदवी ही पहिली अट बहुतेक अर्जदार सहज पूर्ण करतात. अडचण येते ती दुसऱ्या अटीत. पदवीच्या काळात लॅटिन, ग्रीक, प्राचीन इतिहास अशा ठरावीक विषयगटांत किमान काही क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. त्यांची संख्या प्रत्येक विद्यापीठ आपल्या प्रवेशसूचनेत देते, आणि ती सूचना वाचण्यापूर्वी एकाही कागदावर खर्च करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सात विभक्ती आणि संबोधन पाठ केलेल्या संस्कृतच्या पदवीधराला लॅटिनच्या सहा विभक्ती जड जात नाहीत, हे खरे आहे. पण प्रवेश समिती गुणपत्रिकेवरचे विषय पाहते, आणि तिथे लॅटिन नसेल तर व्याकरणाची तयारी कितीही पक्की असली तरी ते क्रेडिट भरून निघत नाहीत. क्रेडिट कमी पडत असतील तर 'कोर्सी सिंगोली' म्हणजे सुटे विषय शुल्क भरून शिकण्याची आणि त्यांची परीक्षा देण्याची सोय इटलीतील विद्यापीठांत असते. मात्र ही उणीव पदव्युत्तर नोंदणीच्या आधी भरून काढावी लागते, प्रवेश घेतल्यानंतर सवडीने नाही. त्यामुळे असा अर्जदार प्रत्यक्षात तीन वर्षांचा बेत आखत असतो, आणि घरच्यांशी पैशांचे बोलणे करताना हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

अभ्यासक्रम इटालियन माध्यमाचा असेल तर साधारणतः बी-२ पातळीचे, म्हणजे युरोपीय भाषा-श्रेणीतील मध्यम-वरच्या पातळीचे, इटालियन अपेक्षित असते. चिल्स, चेली किंवा प्लिदा यांपैकी एखाद्या परीक्षेचे प्रमाणपत्र जवळ असल्यास विद्यापीठाच्या भाषाचाचणीतून सहसा सूट मिळते. हेतुपत्र मागितले असेल तर रोमच्या वैभवाची सर्वसाधारण स्तुती टाळून आपल्या मातीतला धागा धरावा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती, किंवा 'पेरिप्लस' या समुद्री व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथामध्ये 'तगर' म्हणून उल्लेखलेले तेर, यांवरून रोमशी असलेल्या व्यापाराचा एखादा नेमका प्रश्न मांडता येतो.

कागदपत्रांत पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि पासपोर्ट हे मुख्य होत. पदवी प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाच्या पातळीवर प्रमाणीकरण आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, घ्यावे लागते. आपली पदवी इटलीत कोणत्या पदवीशी समकक्ष आहे हे दाखवण्यासाठी इटालियन वकिलातीचे 'मूल्यघोषणापत्र' किंवा चिमेआ या संस्थेचे तुलनापत्र लागते; दोहोंपैकी काय चालेल, हे विद्यापीठ ठरवते. दीक्षान्त समारंभ लांबल्यामुळे मूळ पदवी हाती नसेल तर तात्पुरते प्रमाणपत्र चालते का, हे विद्यापीठाला ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते, तर पासपोर्टवर आईचे नाव या ओळीत नसते. हाच फरक पुढे सोळा अक्षर-अंकांच्या 'कोदिचे फिस्काले' या करक्रमांकापर्यंत त्रास देऊ शकतो, म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

अर्जाचा क्रम असा: प्रथम विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज करून पात्रतेचा निर्णय मिळवायचा, मग 'युनिव्हर्सितालि' या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करायची, आणि विद्यापीठाने ती मान्य केल्यावर 'डी' प्रकारच्या, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या, विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करायचा. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी मुंबईतील इटालियन वाणिज्य दूतावास सक्षम आहे. व्हिसासाठी पूर्वनोंदणीचा सारांश, निवासाची सोय, आरोग्यविमा आणि उदरनिर्वाहाच्या रकमेचा पुरावा लागतो.

इटलीत शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते आणि शिष्यवृत्ती प्रांताकडून मिळते. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे हे काम 'दिस्को' ही संस्था पाहते. त्यासाठी पालकांचे उत्पन्न, मालमत्ता आणि कुटुंबातील व्यक्तींचे दाखले अपोस्टिल करून इटालियन भाषांतरासह द्यावे लागतात. तलाठी व तहसील कार्यालयाच्या या दाखल्यांना वेळ लागतो आणि शिष्यवृत्तीची मुदत वर्ग सुरू होण्याच्या बरीच आधी संपते, त्यामुळे पदवीच्या कागदांबरोबरच ही फाइलही सुरू करावी.

इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करणे बंधनकारक आहे. त्याचा संच 'स्पोर्तेल्लो आमिको' असलेल्या टपाल कार्यालयात मिळतो आणि त्यासोबत १६ युरोंचे मुद्रांक तिकीट लागते. टपाल कार्यालयाची पावती प्रत्यक्ष कार्ड मिळेपर्यंत पासपोर्टसोबत बाळगावी. या परवान्यावर आठवड्याला २० तासांपर्यंत आणि वर्षाला १,०४० तासांपर्यंत काम करता येते.