लक्षणांच्या आधीची वीस वर्षं

१९९८ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग लक्षणांआधीच ओळखण्याचं एक काम सुरू झालं. जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि त्यांच्या हाती आली तीन साधनं: प्रखर दिवा, कापसाचा बोळा आणि ४ टक्क्यांचं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. गर्भाशयाच्या मुखाला ते लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि बघायचं की तिथे ठळक पांढरा चट्टा उठतो का. बदललेल्या पेशींमध्ये प्रथिनं जास्त असतात. आम्लाने ती गोठतात आणि पांढरी दिसतात. चट्टा दिसला म्हणजे कर्करोग झाला, असं नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. ती परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात होत असे.

३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका, २० वस्त्या आणि त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी एक अशा तपासणीच्या चार फेऱ्या. बोलावलेल्यांपैकी जवळपास नव्वद टक्के बायका तपासणीला आल्या. ‘आपल्याकडच्या बायका असल्या तपासण्यांना तयार होत नाहीत’ असं जे सर्रास म्हटलं जातं, त्याला हा आकडाच उत्तर आहे. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१३ मध्ये या अभ्यासाचे प्रमुख डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निष्कर्ष जाहीर केले: तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. मात्र उरलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना इतकी वर्षं फक्त माहिती दिली गेली, तपासणी नाही. त्यावर नंतर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि ते मला पटतात. उत्तर मोलाचं मिळालं, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना विसरून ते सांगता येत नाही.

या आजारात ‘ओळखणं’ या शब्दाचा अर्थच काळानुसार बदलत गेला आहे. आपल्या घरांत अजून सगळ्यात जुना अर्थ चालतो: अंगावरून रक्त जायला लागलं, घाण वास यायला लागला, ओटीपोट दुखायला लागलं की ओळखायचं. लहानपणी मोठ्या बायका दबक्या आवाजात ‘तिची पिशवी खराब झालीये’ म्हणायच्या, तेव्हा ते बहुतेकदा याच टप्प्यावरचं बोलणं असायचं. पण त्याआधीची पंधरा-वीस वर्षं आजार शरीरात असतो आणि काहीही सांगत नाही.

हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. १८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न या वैद्याच्या लक्षात आलं, की गर्भाशयाचा कर्करोग ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये क्वचित आणि विवाहित बायकांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे लैंगिक संबंधांशी याचं काही नातं असावं. नातं नेमकं कसलं, हे कळायला आणखी एकशे चाळीस वर्षं गेली. मधल्या काळात जॉर्ज पापानिकोलाऊ या डॉक्टरांनी गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रीत रूढ केली. हीच ती पॅप तपासणी. ज्या देशांत ती दर काही वर्षांनी, नियमाने झाली तिथे हा कर्करोग मागे हटला. पण तिला प्रयोगशाळा लागते, पेशी वाचणारा तयार डोळा लागतो, आणि अहवाल घ्यायला बाईला पुन्हा यावं लागतं. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येणं किती जणींना जमतं?

मुंबईचं या इतिहासातलं स्थान व्हिनेगरच्याही आधीचं आहे. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने इथे कर्करोग नोंदणी सुरू केली. संपूर्ण शहराच्या लोकसंख्येची अशी नोंद ठेवणारी ती देशातली पहिलीच. त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, हे या नोंदींतून दिसलं. पुढे सगळ्याच शहरात गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू उतरत गेला आणि स्तनाचा वर चढला. लग्नाचं वाढलेलं वय, कमी बाळंतपणं, घरात आलेलं पाणी, अशी कारणं सांगितली जातात. सरसकट तपासणी हे मात्र त्यातलं कारण नव्हतं, कारण ती झालीच नव्हती.

खरा गुन्हेगार १९८३ मध्ये सापडला. साठ-सत्तरच्या दशकांत बऱ्याच संशोधकांचा संशय नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूवर होता. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी मात्र चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या कुळाचा, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, एचपीव्हीचा पिच्छा पुरवला. आधी १६ क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार त्यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींतून वेगळा काढला. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांमुळे होतात. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. योनी, योनिद्वार, गुदद्वार आणि घशाच्या काही कर्करोगांमागेही हाच विषाणू आहे.

इथे जरा थांबते, कारण गैरसमजाने संसार मोडू शकतात. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो, की लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. दहापैकी नऊ वेळा शरीर त्याला दोन वर्षांत परतवून लावतं. उरतो, ठाण मांडतो, तेव्हाच धोका. तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायला काडीचा आधार नाही. एचआयव्ही असलेल्या बायकांना मात्र या कर्करोगाचा धोका सहापट असतो. त्यांची तपासणी लवकर आणि वारंवार व्हायला हवी.

विषाणू सापडल्यावर थेट त्यालाच शोधणारी चाचणी आली. तिची मोठी परीक्षा झाली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. चाचणी निगेटिव्ह आलेल्यांपैकी त्या आठ वर्षांत या कर्करोगाने एकही बाई दगावली नाही. एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीला तिथे तसं यश आलं नाही. मुंबईत ती दर दोन वर्षांनी झाली होती. फरक बहुधा तिथे पडला असावा.

एचपीव्हीला रोखणाऱ्या लशीचा भारतातला प्रवास खडबडीत झाला. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचं उघड झालं. विश्वास गेला, तो रास्तच. त्याच वेळी बार्शी, पुणे आणि इतर ठिकाणी चाललेल्या दुसऱ्या अभ्यासातलं लसीकरणही थांबवावं लागलं आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षांनी दिसलं, की १६ आणि १८ क्रमांकाच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाला रोखण्यात ती एक मात्राही दोन किंवा तीन मात्रांइतकीच समर्थ होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याला हाही आधार होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या लशीला परवानगी मिळाली. आधीच झालेला संसर्ग लस बरा करत नाही. म्हणून ती ९ ते १४ वयात द्यायची.

एवढं सगळं आपल्या मातीत सिद्ध झालं आणि तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या अवघ्या १.९ टक्के. २०२२ च्या अंदाजानुसार देशात या कर्करोगाच्या सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला राग येतो.

जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. तिचा नमुना बाई स्वतःच, आडोशाला, बोळ्याने घेऊ शकते. डॉक्टरपुढे टेबलावर झोपावं लागत नाही. लस घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही. आणि संबंधांनंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मधे दिसलं, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलं, तर ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून सब्जा भिजवत बसू नये. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं.